बिळातला हात : खेकडे पकडणे आणि हिंसेचा प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात भीमा, सीना, नीरा आणि माण या नद्यांच्या काठी खेकडे पकडण्याच्या पुष्कळ रीती आहेत. कोणी काठीला कोंबडीची आतडी बांधून पाण्यात सोडतो, कोणी पिंजरा लावतो, कोणी रात्री बत्ती घेऊन उथळ पाण्यातले दगड उलटतो. सर्वांत बिनखर्चाची आणि सर्वांत अवघड रीत म्हणजे बुडी मारून हाताने पकडणे. तिला जाळे लागत नाही, गळ लागत नाही. छातीत दम आणि बोटांत ओळख एवढेच भांडवल.

दख्खनच्या नद्यांत आढळणाऱ्या मोठ्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याचे शास्त्रीय नाव बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. मुंबई सरकारच्या सेवेत असताना विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधून जमवलेल्या नमुन्यांवरून १८३६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. हा खेकडा काठाच्या मातीत तिरके बीळ कोरतो किंवा दगडांच्या कपारीत राहतो. पाणी उतरले की बिळाची तोंडे उघडी पडतात. पाणी असते तेव्हा ती खाली बुडालेली असतात आणि तिथवर जायला बुडी मारावी लागते. पकडणारा एका हाताने दगडाचा आधार घेऊन शरीर स्थिर करतो आणि दुसरा हात फटीत घालतो. पाणी गढूळ असल्याने डोळ्यांचा उपयोग थोडाच. बोटांना पाठीचे कवच लागले की ते आधी खाली दाबायचे, मग अंगठा एका बाजूला आणि बोटे दुसऱ्या बाजूला अशी मागून पकड घ्यायची, कारण तिथे नांगी पोहोचत नाही. हात समोरून गेला तर बोट नांगीत सापडते. बिळात खेकड्याऐवजी दिवड जातीचा साप निघण्याचा संभवही असतोच. तो बिनविषारी असला तरी पाण्याखाली अंधारात ही माहिती फारशी दिलासा देत नाही.

या कामातून उभा राहणारा धार्मिक प्रश्न वरवर जुनाच आहे: पोटासाठी जीव धरणे पाप आहे का? हाताने पकडण्यामुळे मात्र त्याला एक वेगळी धार येते. जाळे टाकणाऱ्याला आत काय येणार हे ठाऊक नसते, आणि जे येते ते एकदम, ढिगाने येते. हात एका वेळी एकच जीव धरतो. तो जीव बोटांखाली हालतो, जोर लावतो, चावतो. धरणारा आणि धरला जाणारा यांच्यात सुताचा धागाही नसतो. म्हणून प्रश्न असा मांडावा लागतो की हिंसा कोणत्या मार्गाने झाली याने तिचे स्वरूप बदलते का, आणि बदलत असेल तर हात दोष वाढवतो की कमी करतो.

या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार जैन परंपरेने केला आहे, आणि सोलापूरशी त्या विचाराचे नाते पुस्तकांच्या रूपाने फार जवळचे आहे. जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या जैन संस्कृति संरक्षक संघाने इथूनच जीवराज जैन ग्रंथमाला चालवली. १९४३ साली आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादित केलेल्या तिलोयपण्णत्तीचा पहिला भाग तिच्यात निघाला, आणि १९४९ साली कृष्णकांत हंदिकै यांचा यशस्तिलकावरचा मोठा इंग्रजी ग्रंथ. हंदिकै आसामचे, गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. दहाव्या शतकातल्या एका संस्कृत जैन काव्यावर आसामी पंडिताने लिहावे आणि ते कापडगिरण्यांच्या सोलापुरातून प्रसिद्ध व्हावे, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण खेकडे धरणाऱ्याच्या प्रश्नाला लागणारी दोन महत्त्वाची सूत्रे त्याच काव्यात सापडतात.

त्याआधी मूळ व्याख्या पाहावी लागते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेच्या व्याख्येला दोन अंगे आहेत: एक, प्राणांचा वियोग घडवणे, दुसरे, तो प्रमादयुक्त प्रवृत्तीतून घडणे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा आणि राग-लोभादी कषायांच्या आहारी जाणे, दोन्ही. प्राण दहा मानले आहेत: पाच इंद्रिये, मन, वाणी आणि काया यांची तीन बळे, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. ज्या जीवाला जितके प्राण अधिक तितकी त्याची हिंसा गंभीर. एकेंद्रिय वनस्पतीला चार प्राण, चार इंद्रियांच्या जीवाला आठ, समनस्क पंचेंद्रियाला दहाच्या दहा. भुंगा आणि विंचू चौथ्या पायरीवर येतात, मासा आणि कासव पाचव्या. खेकड्याला यांतल्या कुठल्याही पायरीवर ठेवले तरी तो त्रस म्हणजे हालचाल करणारा जीव ठरतो, आणि त्रस जीवाची जाणूनबुजून हिंसा न करणे हे जैन गृहस्थाचे पहिले अणुव्रत आहे.

गृहस्थाला संसार करायचा असतो म्हणून हिंसेचे चार प्रकार केले गेले. ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, व्यवसायात होणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणातली विरोधी. गृहस्थाला पूर्णपणे टाळायची असते ती पहिली. बुडी मारून खेकडा धरणे यांतल्या कोणत्या प्रकारात बसते? तो व्यवसाय आहे म्हणून उद्योगी म्हणावे असा मोह होतो, पण शास्त्रकार तसे म्हणू देत नाहीत. शेतात नांगर चालवताना किडे मरतात ते धान्य पिकवण्याच्या ओघात. खेकडे धरताना खेकडा हेच उद्दिष्ट असते. हाताने पकडताना तर संकल्प अधिकच उघडा पडतो, कारण प्रत्येक खेकड्यासाठी वेगळी बुडी मारावी लागते आणि प्रत्येक बुडीचा निर्णय वेगळा असतो.

यशस्तिलकाचा कर्ता सोमदेवसूरी नेमके हेच दोन व्यवसाय समोरासमोर ठेवतो. हे काव्य शके ८८१, म्हणजे इ. स. ९५९ मध्ये, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात पूर्ण झाले. सोमदेवाचा युक्तिवाद असा की दिवसभरात एकही मासा न मारलेला कोळी पापी ठरू शकतो आणि असंख्य जीव मारणारा शेतकरी पापी ठरत नाही, कारण दोघांचा हेतू वेगळा. एकाचे चित्त सतत मारण्याकडे लागलेले, दुसऱ्याचे पिकाकडे.

युक्तिवाद बांधेसूद आहे. तो कोणाच्या सोयीचा आहे हेही पाहायला हवे. धान्य खाणाऱ्याच्या ताटापर्यंत येणारी हिंसा त्याने हिशेबाबाहेर ठेवली आणि पाण्यावर जगणाऱ्याची हिंसा हिशेबात धरली, तीही घडली नसताना. जमीन असणाऱ्याला हेतूची शुद्धी परवडते. ज्याच्या वाट्याला नदी आली त्याला परवडत नाही.

महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध नेमका याच्या उलट बोलतो. क्रोधाने बगळी जाळणाऱ्या कौशिक ब्राह्मणाला एक पतिव्रता मिथिलेत एका व्याधाकडे शिकायला पाठवते. तो व्याध मांसाच्या दुकानात बसलेला असतो. तो सांगतो की मी स्वतः मारत नाही, खातही नाही, पूर्वजांकडून आलेला धंदा करतो. पण नांगरणाऱ्याच्या फाळाखाली किती जीव मरतात, चालणाऱ्याच्या पायाखाली किती, आणि ज्या बियांना आपण धान्य म्हणतो त्यांतही जीव आहेच. पूर्ण अहिंसक असा या जगात कोणी नाही, फक्त प्रयत्नाने हिंसा कमी करता येते. गीतेचा अठरावा अध्यायही सहज कर्माला धुराने वेढलेल्या अग्नीसारखा दोष असतोच, म्हणून ते टाकू नये, अशी भूमिका घेतो. उजनी धरण ज्या माढा तालुक्यात आहे त्याच तालुक्यातले अरण हे संत सावता माळ्यांचे गाव. मळ्यातली भाजी हाच विठ्ठल मानणाऱ्या सावतोबांना खुरप्याखाली मरणाऱ्या गांडुळांचा जाब कोणी विचारला नाही, आणि विचारायची गरजही कोणाला वाटली नाही. भीमेच्या डोहातून खेकडा वर आणणाऱ्याला तो विचारला जातो. धर्मव्याधाचा रोख या भेदावर आहे.

तरीही धर्मव्याधाचे उत्तर पुरेसे नाही. सगळेच मारतात हे खरे धरले तरी त्यातून कोणी काय करावे हे ठरत नाही. शिवाय तो स्वतः मारत नाही हे अगत्याने सांगतो, म्हणजे मारणारा आणि विकणारा यांत फरक आहे हे त्यालाही मान्यच आहे. डोहात हात घालणाऱ्याला अशी सवलत घेता येत नाही.

सोमदेवाचे दुसरे सूत्र एका कथेत आहे, आणि ते पहिल्यापेक्षा पुष्कळ उदार आहे. अहिंसाव्रताचे फळ सांगताना तो मृगसेन नावाच्या कोळ्याची गोष्ट देतो. नदीवर निघालेल्या मृगसेनाला एक मुनी भेटतात. मासेमारी सोडणे त्याला शक्य नाही हे ओळखून ते त्याला एवढेच व्रत देतात की जाळ्यात पहिल्यांदा येणारा मासा मारायचा नाही. पहिला मासा येतो, मृगसेन त्याला खूण करून सोडतो. पुन्हा जाळे टाकतो, तोच मासा येतो. असे पाच वेळा होते आणि पाचही वेळा तो त्याला सोडतो. रिकाम्या हाताने घरी आल्यावर बायको दार लावून घेते, बाहेर झोपलेला मृगसेन साप चावून मरतो, आणि पुढच्या जन्मी धनकीर्ती होऊन पाच संकटांतून वाचतो. फळाचा भाग कथेच्या रिवाजाप्रमाणे. महत्त्वाची आहे ती व्रताची रचना. मुनींनी हिंसेच्या धंद्यात राहणाऱ्याला धंद्याबाहेर काढले नाही. धंद्याच्या आतच त्याला एक जीव दाखवून दिला, ज्याच्यापुढे हात थांबला पाहिजे.

अशीच एक कथा अतिपत्तरांची. तमिळ शैव परंपरेतल्या त्रेसष्ट नायन्मारांपैकी, म्हणजे संतांपैकी, ते नागपट्टणमचे कोळी. त्यांचा नेम असा की रोजच्या मासळीतला एक उत्तम मासा शिवाला म्हणून समुद्रात परत सोडायचा. पुढे असे दिवस आले की जाळ्यात एकच मासा यायचा, तोही ते सोडत. दोन्ही कथांचा सांगाडा सारखा असला तरी अतिपत्तरांचा मासा ही देवाला दिलेली भेट आहे, तर मृगसेनाचा मासा हा वाचवलेला जीव. एकात त्याग आहे, दुसऱ्यात अहिंसा.

मृगसेनाच्या व्रताची अडचण जाळे ही होती. जाळ्यात सगळे मासे सारखेच, म्हणून त्याला खूण करावी लागली. हाताने धरणाऱ्यापुढे ही अडचण नाही. खेकडा वर आणून उलटा केला की पोटाखालची पट्टी दिसते: नराची अरुंद आणि निमुळती, मादीची रुंद आणि गोल. मादी भरलेली असेल तर त्या पट्टीखाली अंडी किंवा पिल्ले दिसतात. समुद्रातल्या चिंबोरीची लाखो सूक्ष्म पिल्ले पाण्यात मोकळी तरंगतात, गोड्या पाण्यातल्या खेकड्याचे तसे नाही. त्याची अंडी मोठी आणि तुलनेने फार थोडी असतात, पिल्ले अंड्यातूनच छोटे खेकडे होऊन निघतात आणि काही काळ आईच्या पोटालाच बिलगून राहतात. कर्कटी गर्भ धरते ती स्वतःच्या मरणासाठी, अशी उपमा महाभारतात येते. वस्तुस्थिती तशी नाही, पिल्ले सोडून ती जगते. तिला मात्र अशा वेळी कोणी उचलले तर एका जीवाबरोबर पुढची सगळी वीण जाते. डोहात नेमाने उतरणाऱ्याला हे ठाऊक असते, आणि ठाऊक असल्यामुळेच ती मादी ठेवायची की सोडायची हा त्याच्यापुढचा प्रश्न होतो. जाळे टाकणाऱ्याला तो ढीग उपसताना पडतो, बहुधा उशिरा.

हात दोष वाढवतो की कमी करतो, या प्रश्नाचे उत्तर इथे सापडू लागते. संकल्पाच्या बाजूने हात दोष वाढवतो, कारण त्याला अजाणतेपणाची सबब उरत नाही. संयमाच्या बाजूने पाहिले तर संयम शक्य होतो तो हातामुळेच, कारण सोडण्यासाठी आधी वेगळे ओळखावे लागते. दोन्ही गोष्टी एकाच जाणिवेतून येतात. एक घ्यायची आणि दुसरी टाळायची असे करता येत नाही.

बौद्ध परंपरेने या जाणिवेचे भाग सुटे करून दाखवले आहेत. थेरवादी अट्ठकथांनुसार, म्हणजे भाष्यांनुसार, प्राणिहत्या पूर्ण होण्यासाठी पाच गोष्टी लागतात: जीव असणे, तो जीव आहे हे कळणे, मारण्याचा हेतू, त्यासाठी प्रयत्न आणि त्या प्रयत्नाने झालेला मृत्यू. अंधाऱ्या बिळात घातलेला हात दुसऱ्या अंगापाशी क्षणभर थांबतो, कारण आत खेकडा आहे की दगड हे अजून कळलेले नसते. बोटाला हालचाल लागली की ते अंग पुरे होते. मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात बुद्ध आणि निर्ग्रंथांचा अनुयायी उपाली यांच्यात हाच वाद आहे: काया, वाणी आणि मन यांतले कोणते कर्म भारी? निर्ग्रंथांचे उत्तर काया, बुद्धांचे मन. गंमत अशी की निर्ग्रंथ म्हणजे जैनच, आणि सोमदेवापर्यंत येता येता त्यांचाही भर चित्तावर आलेला दिसतो.

सोलापुरातल्या बौद्ध समाजापुढे हा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मांडणीतून येतो. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. अहिंसा हा त्यांच्या मते तत्त्वाचा विषय आहे, यांत्रिक नियमाचा नाही. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळीक देते, नियम देत नाही. दुष्काळी पट्ट्यात भाकरीबरोबर कालवण मिळावे म्हणून नदीत उतरणारा माणूस आणि हौसेने उतरणारा माणूस यांच्यातला फरक या कसोटीवर दिसतो. सोमदेवाच्या कसोटीवर तो दिसत नाही, कारण तिथे दोघेही धीवर, म्हणजे कोळीच. गरजेची कसोटीही मात्र प्रामाणिकपणे लावावी लागते. परंपरेने जिवंत प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार उपासकाला वर्ज्य सांगितलेला आहेच, आणि धाब्यावरच्या खेकडा-रश्श्यासाठी गोणी भरून धरले जाणारे खेकडे कोणाच्या गरजेत मोडतात, हे सांगणे सोपे नाही.

वारकरी परंपरेत हा प्रश्न तर्कापेक्षा आचारातून सुटतो. गळ्यात तुळशीची माळ घातली की मासे-मटण सुटते. खाणे सुटले तरी पकडणे सुटतेच असे नाही, आणि पाण्यावर जगणाऱ्या कोळी-भोई कुटुंबांत ही तेढ खरी असते. पंढरपुरात तिला एक प्रत्यक्ष रूप आहे. चंद्रभागेच्या वाळवंटातल्या पुंडलिकाच्या देवळाची पूजा महादेव कोळ्यांकडे आहे, आणि नदीतल्या होड्याही कोळ्यांच्याच. विठ्ठलाला विटेवर उभा करणाऱ्या भक्ताच्या समाधीवर पाण्यात वावरणाऱ्या समाजाचा हात असतो. त्याला अपवित्र मानावे असे परंपरेने कधी म्हटले नाही.

हाताबद्दल ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात जे आहे ते या विषयाला अगदी लागून आहे. अहिंसा सांगताना ज्ञानदेव अहिंसकाची चाल, श्वास, बोलणे आणि नजर यांचे वर्णन करून हातांकडे येतात. असे हात मुळात निश्चल असतात. हललेच तर जोडण्यासाठी, अभय देण्यासाठी किंवा दुःखी माणसाला हळुवार स्पर्श करण्यासाठी हलतात. मग ते हातांवरून मनाकडे जातात: मनात नाही ते इंद्रियांत उतरत नाही. हे सिद्धाचे वर्णन आहे, मच्छीमाराला घालून दिलेला नियम नव्हे. तरी त्यात एक उपयोगी मुद्दा आहे. तोच हात धरूही शकतो आणि अभयही देऊ शकतो, आणि कोणते करायचे ते हाताच्या आधी ठरलेले असते. पट्टीखाली पिल्ले पाहून मादी पाण्यात सोडणारा हात, निदान त्या एका कृतीपुरता, ज्ञानदेवांच्या वर्णनात बसतो.

बाराव्या शतकातल्या लिंगायत शरणांनी व्यवसायालाच, म्हणजे कायकाला, पूजेचा दर्जा दिला. कल्याणच्या मंडळीत नावाडी अंबिगर चौडय्या होते, परीट मडिवाळ माचय्या होते. त्याच वेळी बसवण्णांनी दया हेच धर्माचे मूळ मानले. कायक आणि दया यांची सांगड जिथे सहज बसत नाही तिथे, म्हणजे मासेमारीसारख्या व्यवसायात, ही परंपरा मोकळेपणाने बोलत नाही. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी तळे खोदवले, ते पुण्यकर्म म्हणून. त्यांच्या भेटीला आलेल्या अल्लमप्रभूंनी अशा सत्कर्मातल्या ‘मी’वर बोट ठेवले, अशी कथा शून्यसंपादनेत आहे. हेच बोट खेकडा सोडून देणाऱ्या मच्छीमारावरही ठेवता येते. सोडण्याचा अभिमान हाही एक कषाय आहे.

इस्लामी धर्मशास्त्रात प्रश्न हिंसेचा नसून भक्ष्याभक्ष्याचा आहे. दख्खनमधले बहुसंख्य मुसलमान हनफी असल्याने पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा त्यांना ग्राह्य, खेकडा नाही. कोकणी मुसलमान शाफई. त्यांच्या पंथाने समुद्र अधिक मोकळा ठेवला, पण जमीन आणि पाणी दोन्हींवर जगणाऱ्या खेकड्याबद्दल त्यांच्याही धर्मशास्त्र्यांत मतभेद आहेत.

आतापर्यंतचा सगळा विचार धरणाऱ्याच्या बाजूने झाला. खेकड्याच्या बाजूने काय सांगता येते? कथांत त्याला मानाची जागा आहे. पंचतंत्रात तो कपटी बगळ्याची मान नांगीने तोडतो, आणि सुवण्णकक्कट जातकात साप व कावळ्यापासून ब्राह्मणाला वाचवणारा सोनेरी खेकडा पुढे बुद्धांचा शिष्य आनंद म्हणून जन्मतो. मराठी बोलण्यात मात्र एकमेकांचे पाय ओढणारा प्राणी एवढीच त्याची ओळख उरली. जुलै २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांनी ते पोखरल्याचे सांगितले आणि राज्यभर त्याची चेष्टा झाली. चेष्टेच्या आड एक तत्त्वाचा मुद्दा राहून गेला. हेतूशिवाय दोष नाही, असे माणसाच्या बाबतीत बहुतेक परंपरा मानतात. बीळ कोरणे हा खेकड्याचा स्वभाव. त्याच्यावर ठपका ठेवायचा तर माणसाला दिलेली सवलतही काढून घ्यावी लागेल.

त्याला वेदना होतात का, यावर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले रॉबर्ट एलवुड यांनी बरेच प्रयोग केले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात समुद्रकाठच्या खेकड्यांना दोन अंधारी आश्रयस्थाने दिली आणि एकात विजेचा सौम्य धक्का ठेवला. थोड्याच फेऱ्यांत धक्का बसलेले खेकडे ती जागा टाळू लागले. अंधारी फट म्हणजे खेकड्याचे सर्व संरक्षण. ती सोडून देण्याइतके काही त्याला नकोसे होते, एवढे यातून नक्की दिसते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या २०२१ च्या अहवालानंतर ब्रिटनने २०२२ च्या प्राणिसंवेदना कायद्यात खेकडे आणि शेवंडांच्या गटाला स्थान दिले. भारताचा १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा मनुष्य सोडून प्रत्येक सजीव प्राण्याला ‘प्राणी’ मानतो, म्हणजे खेकडा त्यात आहेच. अन्नासाठी मारण्याला तो मुभा देतो, अनावश्यक यातनेला देत नाही.

यावरून एका पळवाटेचाही निकाल लागतो. खेकडा संकटात नांगी टाकून पळतो आणि पुढच्या कातींत ती पुन्हा वाढते. मग फक्त नांगी मोडून घ्यावी आणि जीव सोडावा, म्हणजे हिंसा टळली? अमेरिकेतल्या फ्लोरिडात स्टोन क्रॅबची सगळी मासेमारी याच रीतीवर उभी आहे. पण माणसाने मोडलेली नांगी नेहमी खेकडा स्वतः टाकतो त्या सांध्यावर तुटत नाही, आणि असे सोडलेले कितीतरी खेकडे मरतात. जैन व्याख्येत पाहिले तर कायबळ हा दहा प्राणांपैकी एक, त्यामुळे ते कमी करणे हीही हिंसाच. सोडणे म्हणजे अख्खे सोडणे.

बुडी मारण्याने धरण्याला आणखी एक मर्यादा पडते, ती श्वासाची. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो, म्हणजे समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढणाऱ्या स्त्रिया, प्राणवायूची नळकांडी वापरत नाहीत. त्या दहा मीटरपर्यंत दमावर उतरतात आणि समुद्राच्या देवतेसाठी दर वर्षी विधी करतात. युनेस्कोने २०१६ साली त्यांच्या परंपरेची वारसा म्हणून नोंद केली. यंत्र नाकारल्याने समुद्र उपसला जात नाही, असे त्यांचे सांगणे. भीमेतल्या बुडीला असा विधी नाही, पण मर्यादा तीच. दुसऱ्याचा प्राण धरण्यासाठी आपला प्राण रोखून धरावा लागतो, आणि तो संपला की हात रिकामा असला तरी वर यावेच लागते. लोभाला बाहेरून घातलेले हे बंधन आहे. त्याला व्रत म्हणता येणार नाही, कारण ते कोणी स्वतः घेतलेले नसते.

शेवटचा मुद्दा मारण्याच्या क्षणाचा. पाण्याबाहेर काढलेला मासा थोड्याच वेळात मरतो. खेकडा तसा मरत नाही. कल्ले ओले असेपर्यंत तो तासन्‌तास जगतो. मेलेला खेकडा लवकर बिघडतो म्हणून बाजारात त्याला जिवंतच किंमत. डोहात हात घालणारा त्याला नांग्या बांधून ओल्या गोणपाटात ठेवतो, काठावर किंवा आठवडे बाजारात वाटा लावून विकतो, आणि प्रत्यक्ष मारणे विकत घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरात होते. थेरवादी पाच अंगांतले शेवटचे अंग, म्हणजे मृत्यू, पकडणाऱ्याच्या हातून सहसा घडतच नाही. धर्मव्याध मारलेले विकत होता. इथे विकलेले मारले जाते, आणि मारणारा बहुधा स्वतःला हिंसक व्यवसायातला समजत नाही.

जैन हिशेबाला हे गणित नवे नाही. त्यात कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, करवलेले आणि मान्य केलेले, असे तीन भाग आहेत. मन, वाणी आणि काया यांच्याशी गुणले की नऊ. धरणारा कायेने धरतो, गिऱ्हाईक मागणी करून धरवते, उकळत्या पाण्यात टाकणारा कायेने मारतो, आणि रश्श्याची वाखाणणी करणारा वाणीने अनुमोदन देतो. नऊ रकान्यांपैकी पकडणाऱ्याच्या वाट्याला काही येतात, सगळे येत नाहीत. सोमदेवाने धीवराच्या एकट्याच्या माथी जे ठेवले होते ते या कोष्टकात ताटापर्यंत वाटले जाते, आणि हे कोष्टक त्याच्याच परंपरेचे आहे.